मिररलेस कॅमेऱ्यासाठी वाइड झूम लेन्स: निवड, तपासणी आणि वापर

वाइड झूम, म्हणजे रुंद दृश्य टिपणारी आणि आवाका कमी-जास्त करता येणारी लेन्स, घेण्याआधी मोजपट्टी काढा. फुल फ्रेम सेन्सर (कॅमेऱ्यातला प्रकाश टिपणारा भाग) ३६ मिलिमीटर रुंद असतो. समोरच्या भिंतीपर्यंतच्या अंतराला ३६ ने गुणा आणि फोकल लेंथने (लेन्सवर मिमीमध्ये लिहिलेल्या आकड्याने) भागा. आडव्या फ्रेममध्ये तेवढी रुंदी मावते. दहा फुटांवरून २४ मिमीला १५ फूट, १६ मिमीला साडेबावीस फूट. तुम्हाला काय टिपायचंय ते ठरलं असेल, तर कुठली लेन्स लागेल हे या एका हिशेबात कळतं.

खोल्यांचे फोटो हे वाइड लेन्सचं सगळ्यात नेहमीचं काम. कोपऱ्यात पाठ टेकवून दोन्ही बाजूंच्या भिंती फ्रेममध्ये घ्यायच्या तर ९० अंशांचा आवाका लागतो. फुल फ्रेमवर तो बरोबर १८ मिमीला मिळतो, त्याहून लहान एपीएस-सी सेन्सरवर साधारण १२ मिमीला, आणखी लहान मायक्रो फोर थर्ड्सवर ९ मिमीच्या आसपास. फोटो सरळ करताना कडा थोड्या कापाव्या लागतात, म्हणून लेन्स यापेक्षा एक-दोन मिमी जास्त वाइड, म्हणजे कमी आकड्याची असावी. म्हणजे घरं, वाडे, दुकानं, मंदिरांचे सभामंडप यांना फुल फ्रेमवर १६ पासून सुरू होणारी झूम पुरते. १२ किंवा १४ मिमीच्या मोहात पडून बहुतेक जण वजन आणि पैसा दोन्ही वाया घालवतात.

एफ/४ की एफ/२.८?

एफ नंतरचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं छिद्र, म्हणजे अ‍ॅपर्चर मोठं. ट्रायपॉडवर एफ/८ ला काम करणाऱ्याला एफ/२.८ चा काही उपयोग नाही. रात्रीचं आकाश, लग्नाचा अंधारा हॉल, हलती माणसं यांसाठी मात्र ती एक स्टॉप (प्रकाशाची एक पायरी) मोलाची, कारण प्रकाश दुप्पट मिळतो. त्याची किंमत वजनात मोजावी लागते: सोनीची १६-३५ एफ/४ पॉवर झूम ३५३ ग्रॅमची, तर एफ/२.८ जीएमची दुसरी आवृत्ती ५४७ ग्रॅमची. एपीएस-सीमध्ये कॅननची १०-१८ फक्त १५० ग्रॅमची आहे, पण तिचं अ‍ॅपर्चर एफ/४.५ पासून सुरू होतं; टॅमरॉनची ११-२० एफ/२.८ ही ३३५ ग्रॅमची.

पुढची काच सपाट आहे की फुगीर, हेही पाहा. निकॉनच्या १४-३० एफ/४ ला साधा ८२ मिमीचा फिल्टर बसतो. त्याच कंपनीच्या १४-२४ एफ/२.८ ला खास हूड लावून ११२ मिमीचा फिल्टर घ्यावा लागतो, आणि एवढा मोठा फिल्टर महागच पडतो.

घेतल्यावर पहिल्याच आठवड्यात तपासा

वाइड झूममध्ये काचेचा एखादा गट किंचित तिरका बसलेला असू शकतो. अशा लेन्सचा एक कोपरा कायम मऊ, म्हणजे अस्पष्ट येतो. विटांच्या भिंतीचा फोटो काढून हे तपासू नका. कॅमेरा भिंतीला नेमका समांतर ठेवणं अवघड असतं आणि चांगल्या लेन्सवरही उगाच शंका येते. त्याऐवजी असं करा:

१. शंभरेक मीटरवरची खिडक्या-ग्रिलची इमारत निवडा. कॅमेरा ट्रायपॉडवर, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं, झूम सगळ्यात वाइड टोकाला.
२. इमारत मध्यभागी ठेवून फोकस करा आणि मॅन्युअल फोकसवर जा. आता रिंगला हात लावायचा नाही.
३. कॅमेरा फिरवून तीच इमारत आळीपाळीने चारही कोपऱ्यांत आणा आणि प्रत्येक वेळी फोटो घ्या.
४. शंभर टक्के मोठं करून चारही कोपरे शेजारी शेजारी बघा. मग झूमच्या मधल्या आणि शेवटच्या टोकाला हेच पुन्हा करा, कारण झूम करताना आतले गट सरकतात.

चारही कोपरे सारखेच थोडे मऊ असतील तर तो लेन्सच्या रचनेचा भाग आहे. एफ/८ ला बराचसा भरून निघतो. एकच कोपरा स्पष्टपणे ढासळलेला असेल तर मुदतीत बदलून घ्या. रॉ फाइल (कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली फाइल) लेन्स प्रोफाइलशिवाय, म्हणजे त्या लेन्ससाठीच्या सॉफ्टवेअर दुरुस्तीशिवाय उघडली तर रेषा वाकलेल्या आणि कोपरे काळपट दिसतात, हा मात्र दोष धरू नये. मिररलेसच्या बऱ्याच वाइड लेन्स सॉफ्टवेअरची दुरुस्ती गृहीत धरूनच बनवतात.

कॅमेरा समपातळीत

सगळ्यात जास्त फोटो इथे बिघडतात. कॅमेरा जरा वर कलला की खांब आत झुकतात आणि इमारत मागे पडत असल्यासारखी दिसते. स्क्रीनवरची इलेक्ट्रॉनिक लेव्हल आणि ग्रिड दोन्ही चालू ठेवा. खोलीत कॅमेरा छातीच्या उंचीवर, साधारण चार ते साडेचार फुटांवर धरा. जास्त वर धरला तर टेबलं-पलंगच दिसत राहतात.

उंच शिखर न कलवता घ्यायचं तर पुन्हा हिशेब. ४० फुटी शिखर, कॅमेरा ५ फुटांवर, म्हणजे वर ३५ फूट हवेत. कॅमेरा उभा धरल्यावर १६ मिमीला ३५ × १६ ÷ १८ (सेन्सरच्या ३६ चा वरचा अर्धा भाग), म्हणजे ३१ फूट मागे जावं लागेल. तेवढी जागा नसेल तर खुशाल कलवा आणि नंतर सॉफ्टवेअरमध्ये सरळ करा, पण चारही बाजूंना मोकळी जागा सोडून.

माणसं कडेला नकोत

१६ मिमीच्या आडव्या फ्रेममध्ये अगदी कडेला उभ्या माणसाचं डोकं उंचीच्या मानाने सुमारे दीडपट रुंद दिसतं. २४ मिमीला सव्वापट, ३५ मिमीला नगण्य. हा लेन्सचा दोष नव्हे, सपाट फोटोवर एवढा मोठा कोन पसरवल्याचा परिणाम आहे. लग्नाच्या स्टेजवरचा कुटुंबाचा फोटो म्हणूनच दोन पावलं मागे जाऊन २८-३५ ला घ्यावा. कडेला उभी असलेली मावशी फोटो पाहून नाराज होणार नाही.

फोकस आणि प्रकाश

१६ मिमी, एफ/८ ला दीड मीटरवरच्या वस्तूवर फोकस केलात तर पाऊण मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं रेखीव येतं. बहुतेक मिररलेस लेन्सवर अंतराचे आकडे नसतात, म्हणून फोकस पॉइंट थेट तेवढ्या अंतरावरच्या दगडावर ठेवा. एफ/१६ च्या पुढे जाऊ नका. अगदी लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो (डिफ्रॅक्शन) आणि पूर्ण फोटो मऊ पडतो.

अजिंठ्याच्या लेण्यांत फ्लॅशला बंदी आहे आणि पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत ट्रायपॉडला परवानगी लागते. अशा जागी कॅमेऱ्याच्या बॉडीतलं, हाताचा हादरा भरून काढणारं स्थिरीकरण चालू ठेवून खांबाला टेकून १/८ सेकंद सहज धरता येतो. दाराबाहेर लख्ख ऊन असेल तर दोन-दोन स्टॉपच्या फरकाने तीन फोटो घेऊन नंतर जोडा. चालता चालता व्हिडिओ घेताना मात्र याच स्थिरीकरणामुळे वाइड टोकाला कोपरे डुचमळतात. थोडं झूम करा.

पोलरायझर (चकाकी कापणारा फिल्टर) निळ्या आकाशावर वापरू नका. त्याचा परिणाम सूर्यापासून ९० अंशांवर सगळ्यात जास्त असतो, आणि एवढ्या रुंद फ्रेममध्ये मधेच गडद पट्टा उमटतो. पावसाळ्यात, ढगाळ आकाशाखाली ओल्या पानांवरची आणि कातळावरची चकाकी काढायला तो उत्तम.

कोकणकड्यासारख्या ठिकाणी एक धोका लक्षात ठेवा. वाइड टोकाला व्ह्यूफाइंडरमध्ये कड्याची कड आहे त्यापेक्षा लांब दिसते. डोळा लावून पुढे सरकू नका. आधी जागा ठरवा, उभे राहा, मग कॅमेरा वर घ्या. दूरचे डोंगर १६ मिमीला ३५ मिमीच्या निम्म्याहून लहान दिसतात, तेव्हा जवळ फूल, दगड किंवा पाण्याचं टाकं नसेल तर झूम ३५ वर न्या.

पावसाळ्यात

एसी गाडीतून उतरल्या उतरल्या पिशवी उघडू नका, काचेवर बाष्प धरतं. अर्धा तास बंदच राहू द्या. पुढच्या काचेवरचा बोटाचा ठसा उन्हासमोर लगेच फ्लेअर (फोटोतले उजेडाचे डाग) बनून दिसतो, मायक्रोफायबरने पुसा. मुंबई-कोकणच्या दमट हवेत लेन्स कापडी बॅगेत महिनोन्‌महिने ठेवली तर आत बुरशी धरते. हवाबंद डब्यात सिलिका जेल घालून आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांवर ठेवा, डब्यात छोटा आर्द्रतामापक टाका आणि जेलचा रंग बदलला की ते तापवून पुन्हा वापरा.