अनेकवचन नेमके कुठे बिघडते? अर्ज, पत्रिका आणि उत्तरपत्रिकेतल्या या चुका टाळा

"आमच्या गावातील सर्व विहीरी आटले असून प्रत्येक शेतकऱ्यांना जनावराला पाणी पाजण्यासाठी लांब जावे लागते."

मराठवाड्यातल्या कुठल्याही तालुक्याच्या कचेरीत उन्हाळ्यात असे वाक्य सापडेल. त्यात चार चुका आहेत आणि चारही अनेकवचनाच्या आहेत. 'विहीरी' नव्हे, 'विहिरी'. 'आटले' नव्हे, 'आटल्या'. 'प्रत्येक शेतकऱ्यांना' नव्हे, 'प्रत्येक शेतकऱ्याला'. आणि जनावरे अनेक असल्यामुळे 'जनावरांना'. विहिरीचे अनेकवचन 'ई' लावून होते हे लिहिणाऱ्याला ठाऊक होते. तो चुकला बाकीच्या ठिकाणी. शाळेत आपण आंबा–आंबे, नदी–नद्या अशा जोड्या पाठ करतो आणि अनेकवचन नामाच्या शेवटच्या अक्षरात संपते असे धरून चालतो. मराठीत ते विशेषण, सर्वनाम, क्रियापद आणि प्रत्ययापर्यंत पोचते. बहुतेक चुका त्या वाटेवर होतात.

आधी लिंग ठरवा

नामाचे लिंग ठरवल्याशिवाय त्याचे अनेकवचन सांगता येत नाही, कारण एकाच शेवटाचे शब्द लिंगानुसार वेगळे वागतात. पुल्लिंगी 'आ'चा 'ए' होतो: रस्ता–रस्ते, हापसा–हापसे. स्त्रीलिंगी 'आ' तसाच राहतो: शाळा–शाळा, योजना–योजना. पुल्लिंगी 'ई' बदलत नाही: एक शेतकरी, दहा शेतकरी. स्त्रीलिंगी 'ई'चा 'या' होतो: भाकरी–भाकऱ्या, पावती–पावत्या. 'अ'ने संपणारा पुल्लिंगी शब्द तसाच राहतो (दगड–दगड), नपुंसकलिंगी शब्दाचा 'ए' होतो (शेत–शेते).

शब्दाआधी तो, ती, ते लावून पाहा आणि मग हे तीन बदल लक्षात ठेवा: तो–ते, ती–त्या, ते–ती. तो बैल, ते बैल. ती भिंत, त्या भिंती. ते झाड, ती झाडे. विशेषण आणि भूतकाळी क्रियापद याच चालीने जातात. 'ते' असेल तर मोठे, पडले. 'त्या' असेल तर मोठ्या, पडल्या. 'ती' असेल तर मोठी, पडली.

'मोठे झाडे वाळले': नपुंसकलिंगाचा घोळ

मराठवाड्यातल्या लिखाणात सर्वांत जास्त सापडणारी चूक हीच आहे. "मोठे झाडे वाळले", "हे सीताफळे गोड आहेत", "आम्ही ५०० रोपे लावले". बरोबर रूपे अशी: मोठी झाडे वाळली, ही सीताफळे गोड आहेत, आम्ही ५०० रोपे लावली.

ही चूक होण्याची दोन कारणे आहेत. एक, पुल्लिंगात 'पिकलेले आंबे पडले' अशी 'ए'ची रांग जुळते आणि 'झाडे'चा शेवटही 'ए' असल्याने कानाला तीच रांग हवी असते. दुसरे, 'वाळली' हे रूप स्त्रीलिंगी एकवचनासारखे दिसते (वेल वाळली, झाडे वाळली), म्हणून लिहिणाऱ्याला ते एकवचन वाटते आणि तो 'दुरुस्त' करतो. शंका आली तर वाक्य वर्तमानकाळात फिरवून बघा: 'ती झाडे वाळत आहेत'. 'आहेत' आले म्हणजे अनेकवचन आहे आणि 'ती'ने लिंग कळले. आता भूतकाळात निर्धास्त 'वाळली' लिहा.

परभणी, नांदेड, हिंगोलीकडे बोलताना "लेकरं आले", "झाडं वाळले" असेच म्हणतात. ती बोलीची स्वतःची चाल आहे, तिला चूक म्हणण्याचे कारण नाही. कथेतल्या पात्राच्या तोंडी तर तीच हवी. अर्ज, बातमी, अहवाल किंवा उत्तरपत्रिका प्रमाण मराठीत लिहायची असेल तर मात्र 'लेकरे आली'.

दोन शब्द इथे विशेष फसवतात. 'माणूस' एकवचनात पुल्लिंगी आहे, पण 'माणसे' नपुंसकलिंगी चालते: तो चांगला माणूस, ती चांगली माणसे. 'मुलगा'चे अनेकवचन 'मुलगे' पुल्लिंगी आहे, 'मूल'चे अनेकवचन 'मुले' नपुंसकलिंगी. म्हणून मुलगे आले, मुले आली. 'मुले आले' या दोन्हींत कुठेच बसत नाही. तिसरा शब्द 'लोक'. तो पुल्लिंगी आणि मुळातच अनेकवचनी आहे, त्याला 'लोकं' करून पुन्हा अनेकवचन देण्याची गरज नाही. लोक जमले, असे लिहावे.

'लेण्या' हा शब्द येतो कुठून?

वेरूळ आणि अजिंठा ज्या मुलखात आहेत तिथल्या फलकांवर आणि पत्रकांवर तरी हा शब्द नीट असावा. एक असेल तर लेणे, अनेक असतील तर लेणी. वेरूळला ३४ लेणी आहेत. पहिली बारा लेणी बौद्ध आहेत, १३ ते २९ हिंदू आणि ३० ते ३४ जैन. कैलास हे १६ क्रमांकाचे लेणे. 'लेणी क्रमांक १६' आणि 'अजिंठ्याच्या लेण्या' ही दोन्ही रूपे चुकीची आहेत.

चूक अशी घडते. 'लेण्यांना', 'लेण्यांमध्ये', 'लेण्यांची' ही रूपे सतत कानावर पडतात. प्रत्यय काढून टाकला की 'लेण्या' उरते आणि तेच अनेकवचन असावे असे वाटते. मग 'लेण्या'वरून उलटे जाऊन 'लेणी' हे एकवचन ठरवले जाते, नदी–नद्यासारखे. पण प्रत्ययाआधीचे ते रूप म्हणजे सामान्यरूप, अनेकवचन नव्हे. 'अंड्या', 'भांड्या', 'केळ्या' ही रूपेही याच वाटेने येतात. 'अंड्यांचा', 'भांड्यांना', 'केळ्यांचे' बरोबर आहे, पण प्रत्यय नसताना अंडी, भांडी, केळी.

या गटाची खूण सोपी आहे. बोलताना ज्या शब्दाचे एकवचन 'हे केळं', 'हे पोतं', 'हे तळं' असे अनुस्वाराने संपते, त्याचे अनेकवचन 'ई': केळी, पोती, तळी, खेडी, नाणी, खाती. ज्याचे एकवचन 'हे घर', 'हे कणीस', 'हे बोंड' असे आहे, त्याचे अनेकवचन बोलताना अनुस्वाराने संपते (घरं, कणसं, बोंडं) आणि लिहिताना 'ए'ने: घरे, कणसे, बोंडे. म्हणजे बोलण्यात 'केळं' एक आणि 'घरं' अनेक. अनुस्वार ऐकू आला म्हणून अनेकवचन समजू नका. औपचारिक मजकुरात केळे, घरे अशी रूपे घ्या आणि एका ओळीत 'घरं', दुसरीत 'घरे' अशी सरमिसळ करू नका.

'ऊ'ने संपणारे नपुंसकलिंगी शब्द सरळ आहेत: लेकरू–लेकरे, वासरू–वासरे, करडू–करडे, लिंबू–लिंबे.

ह्रस्व-दीर्घ कुठे सरकते

'चूक', 'वीट', 'विहीर', 'फूल' यांत शेवटच्या 'अ'च्या आधीचा स्वर दीर्घ आहे. अनेकवचनात शेवटी नवा स्वर येतो आणि मराठी शब्दांतला तो दीर्घ स्वर ह्रस्व होतो: चुका, विटा, विहिरी, फुले, सुना, बहिणी, निवडणुका. 'चूका', 'वीटा', 'निवडणूका' हे अशुद्ध. काही तीन अक्षरी शब्दांत तो स्वर पुरता गळतो: तारीख–तारखा, बेरीज–बेरजा, खारीक–खारका, ढेकूळ–ढेकळे. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द हा नियम पाळत नाहीत: गीत–गीते, सूत्र–सूत्रे, मूल्य–मूल्ये. म्हणून 'मूल'चे मुले आणि 'मूल्य'चे मूल्ये.

संस्कृत शब्दांची दुसरी खोड 'ई'ची. व्यक्ती, संस्कृती, दृष्टी, युवती यांचे अनेकवचन तेच राहते, 'व्यक्त्या' होत नाही. समिती मात्र मराठीत मुरली आहे, पंचायत समित्या सर्रास लिहितात आणि ते चालते. वस्तू, बाजू हेही तसेच राहतात, पण सासू–सासवा, जाऊ–जावा, पिसू–पिसवा.

'अ'ने संपणाऱ्या स्त्रीलिंगी शब्दाला 'आ' लागेल की 'ई', याला पक्का नियम नाही. वाट–वाटा पण भिंत–भिंती, खाट–खाटा पण जमीन–जमिनी. शेपटावरून थोडा अंदाज येतो. 'णूक' असेल तर 'णुका' (नेमणुका, मिरवणुका), अडचण आणि आठवण यांसारख्यांना 'ई' (अडचणी, आठवणी). बाकीचे शब्द वाचून वाचूनच बसतात.

एका टिंबाने अर्थ फिरतो

'शेतकऱ्याच्या मागण्या' म्हणजे एकाच्या, 'शेतकऱ्यांच्या मागण्या' म्हणजे अनेकांच्या. निवेदनात हे टिंब गळले तर मागणी एका माणसाची होऊन बसते. १९६२ पासून शासनमान्य असलेल्या लेखननियमांत हे स्पष्ट आहे: अनेकवचनी सामान्यरूपाला प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय जोडताना अनुस्वार द्यायचा. लोकांना, घरांपुढे, गुरांसाठी. 'गावात पाणी नाही' एका गावाबद्दल आहे. 'मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांत' लिहिताना 'त'च्या आधी टिंब हवेच.

टिंबाबरोबर प्रत्ययही बदलतो. एकवचनात ला, ने. अनेकवचनात ना, नी. 'मुलांला', 'लोकांने' अशी अर्धी रूपे उत्तरपत्रिकांत दिसतात. आपल्याकडच्या बोलीत 'लोकायला', 'पोरायनं' अशी रूपे आहेत. त्यांत अनेकवचन दाखवणारा 'आय' स्पष्ट आहे, प्रत्यय मात्र एकवचनाचाच राहतो. प्रमाण भाषेत उतरवताना मुले 'आय'च्या जागी टिंब देतात आणि 'ला' तसाच ठेवतात, म्हणून 'लोकांला'. शिकवताना थेट जोडी द्यावी: लोकायला–लोकांना, पोरायनं–पोरांनी. बोलीतले ज्ञान मग उपयोगी पडते.

'प्रत्येक'नंतर नेहमी एकवचन: प्रत्येक गावात, प्रत्येक विद्यार्थ्याने, प्रत्येक शाळेला. अनेकवचनच हवे असेल तर 'सर्व गावांत' लिहा.

भूतकाळात 'ने/नी' आले की क्रियापद कर्माप्रमाणे चालते: लोकांनी तक्रारी केल्या, लोकांनी झाडे लावली, लोकांनी अर्ज दिले. पण कर्मालाच 'ना' लागले तर क्रियापद जागेवर थांबते. 'त्यांनी मुलींना शाळेत पाठवल्या' हे चूक, 'मुलींना शाळेत पाठवले' हे बरोबर.

माप, पीक आणि इंग्रजी शब्द

एकर, क्विंटल, किलो बदलत नाहीत. वर्ष, महिना, रुपया, पोते बदलतात: दोन वर्षे ('दोन वर्ष' नव्हे), तीन महिने, शंभर रुपये, पाच पोती. 'दहा क्विंटल कापूस विकला', 'दहा क्विंटल सोयाबीन विकले' यांत क्रियापद पिकामागे जाते, क्विंटलमागे नाही. पीक म्हणून बोलताना एकवचन, दाणे किंवा नग म्हणून बोलताना अनेकवचन: हरभरा पेरला, हरभरे भिजवले, कांदा लावला, चार कांदे चिरले.

इंग्रजी शब्द मराठीत आले की मराठी अनेकवचन घेतात. बँका, नोटा, सायकली, मोटारी, फायली, पेन्सिली, रेशनकार्डे. ट्रॅक्टर आणि पंप तसेच. 'फाइल्सना', 'मेंबर्सनी' यांत दोन भाषांची अनेकवचने एकावर एक चढतात. 'बसेस' बोलण्यात रुळला आहे, लिहिताना 'बसगाड्या' बरा.

वेगवेगळ्या लिंगांची नामे एकत्र आली की क्रियापद शेवटच्या नामाप्रमाणे ठेवतात: 'चार बैल आणि दोन गाई विकल्या'. कानाला खटकत असेल तर 'चार बैल आणि दोन गाई अशी सहा जनावरे विकली' असे करून मोकळे व्हा.

आदराचे अनेकवचन

कार्यक्रमपत्रिकेत सर्वांत वरच्या ओळीत चूक सापडते ती इथे. माणूस एक असला तरी आदरासाठी अनेकवचन वापरतो, तेव्हा टिंबही अनेकवचनाचेच द्यायचे: 'सरपंचाच्या हस्ते' नव्हे, 'सरपंचांच्या हस्ते', 'मुख्याध्यापकाचा सत्कार' नव्हे, 'मुख्याध्यापकांचा सत्कार'. शासनमान्य नियमांत हेही आहे. 'माझे वडील आले' हे एकाच व्यक्तीबद्दल आहे आणि पूर्ण बरोबर आहे.

बाईमाणसाबद्दल लिहिताना लिंग सोडू नका. 'मॅडम आले', 'तहसीलदार मॅडम बोलले' असे आपल्याकडे आदराने म्हणतात, पण ते पुल्लिंगी अनेकवचन झाले. लिहिताना 'मॅडम आल्या', 'तहसीलदार मॅडम बोलल्या'. पदनाम पुल्लिंगी वाटले तरी व्यक्ती स्त्री असेल तर क्रियापद तिच्याप्रमाणे: 'अध्यक्षस्थानी सरपंच होत्या', 'डॉक्टर वेळेवर पोचल्या'. 'प्रमुख पाहुणे' हे शब्द तसेच ठेवा, वाक्याचा शेवट मात्र 'उपस्थित होत्या' असा करा.