आधी आखाडाचं बघा

साताऱ्यात आमच्या घरामागे जेमतेम अर्ध्या गुंठ्याचं परस आहे. चार वर्षांपूर्वी मांडवावरच्या भोपळ्याला लिंबाएवढी फळं दिसायची, पिवळी पडायची आणि गळून जायची. खत घातलं, आंबट ताक शिंपडलं, काही उपयोग नाही. शेवटी एकदा सकाळी सातच्या आत नर फूल तोडलं, पाकळ्या काढून त्याचा दांडा मादी फुलात फिरवला. (मादी फुलाखाली इवलासा भोपळा असतो, नराखाली नुसता देठ.) तो भोपळा चार किलोचा झाला. रोग नव्हताच, नराचा पराग मादी फुलात नेणाऱ्या मधमाश्याच येत नव्हत्या.

मग त्या याव्यात म्हणून मी नर्सरीतून मिळेल तेवढं आणलं. गेंदेदार झेंडू, बोगनवेल, दोन गुलाब. बाग फोटोत झकास दिसायची, पण माशी फिरकत नव्हती. फूल जितकं भरगच्च तितक्या त्यात पाकळ्याच जास्त, पराग आणि मध नावाला. झेंडू, शेवंती, गुलाब, काहीही घ्या, पण मधलं पिवळं चक्र उघडं दिसणारं एकेरी घ्या.

रोपं आणण्याआधी भिंतीवरचं कालनिर्णय उतरवा. घरापासून शंभर पावलांत कुठल्या महिन्यात काय फुलतं, ते त्याच्यावर वर्षभर लिहा. आमच्याकडे पाडव्याच्या सुमारास कडुलिंब मोहरतो, मागच्या वाड्यातलं जांभूळ असतं, पुढे करंज. तेव्हा तुमच्या चार कुंड्यांना कोण विचारतंय! रिकामा निघाला तो आखाड आणि श्रावणाचा पहिला पंधरवडा. मोठी झाडं फुललेली नसतात आणि झडीत माशी बाहेर पडत नाही. मधपाळसुद्धा या दिवसांत पेट्यांना साखरेचा पाक देतात. उपासमार फार झाली की सातेरी, म्हणजे आपली देशी मधमाशी, पोळं सोडून निघून जाते. मग गणपतीत तुम्ही कितीही फुलं लावा.

म्हणून पावसाळ्याची तयारी वैशाखात. सब्जा आणि एकेरी झेंडू तेव्हाच पेरायचा, पाऊस लागेपर्यंत रोज पाणी घालायचं. आखाडात तो फुलावर येतो. सब्ज्याचे तुरे सगळे एकदम खुडू नका. निम्मे खुडले की खालून नवे फुटतात, तोवर उरलेले निम्मे चालू राहतात. पाऊस तासभर जरी उघडला तरी त्या तुऱ्यांवर माश्या दिसतात. मृगावर काकडी, तीळ आणि तेरडा टाकला की श्रावणाच्या शेवटापासून पुढचं निभतं.

थंडीसाठी विकत काहीच आणावं लागत नाही. कोथिंबीर, मुळा, मोहरी यांची चार-चार रोपं न उपटता तशीच सोडायची. कोथिंबिरीच्या पांढऱ्या छत्रीवर दुपारी किती जातींचे जीव बसतात ते बघाच. आमचे हे म्हणतात, "परसात रान माजवलंयस." धने मात्र आवडीने खातात.

वांग्याची गोष्ट वेगळी. त्याचा पराग केसराच्या टोकाच्या बारीक भोकांतून मीठदाणीसारखा बाहेर पडतो, हलवल्याशिवाय नाही. सातेरीला ते जमत नाही. पोटावर निळे पट्टे असलेली एक एकटी राहणारी माशी फुलाला मिठी मारते आणि अंग थरथरवते. इतका वेळ चाललेली गुणगुण एकदम चढ्या पट्टीत जाते आणि तिच्या छातीवर पिवळी पूड सांडते. ही माशी पोळं करत नाही, मातीत बीळ करते. म्हणून कुंपणाशी दोन हात जागा मी उघडी ठेवली आहे, फरशी नाही, पालापाचोळ्याचं आच्छादनही नाही. वाळका बांबूही आडवा बांधून ठेवा, त्यात काळा भुंगा घर करतो.

गुलाबाच्या पानाला कडेने नाण्याने कापल्यासारखी अर्धगोल खाप दिसली तर घाबरू नका. मी अळी समजून औषध मारलं होतं. ती पानं कापणारी माशी निघाली, त्या तुकड्यांत ती अंडी गुंडाळते. आता फवारते ते फक्त निंबोळी अर्क, तेही दिवेलागणीनंतर आणि फुलं टाळून.

पाण्यासाठी पसरट परळात खडे घाला, खड्यांची डोकी पाण्याबाहेर राहिली पाहिजेत, नाहीतर माश्या बुडतात. पाणी रोज बदला, डासांना आयतं घर नको.

आणि दुधी लावला असेल तर अजून एक. त्याची पांढरी फुलं संध्याकाळी उमलतात आणि त्यांच्यावर पतंग येतात. दिव्याकडे गेलेला पतंग फुलावर कशाला येईल? म्हणून परसातला दिवा मी सातला बंद करते. ह्यांना मग मागच्या दारी चपला सापडत नाहीत, पण दुधी सापडतात.