तांब्याच्या कळशीत पाणी ठेवायचं, पण दहा मिनिटं नाही

आमच्या बडोद्यात दांडिया बाजाराकडच्या जुन्या मराठी घरांत आजीची कळशी माळ्यावर असतेच. काढलीत की आधी घासा. चिंचेचा कोळ, चिमूटभर मीठ, बोटांनीच चोळायचं, तो काळपट हिरवा थर उतरतो आणि खालून गुलाबीसर तांबं निघतं. मग भरपूर पाण्याने विसळा, आंबट अंश राहायला नको, का ते खाली सांगते.

आता पिण्याचं स्वच्छ पाणी भरा, झाका, आणि रात्रभर हात लावू नका. आमच्या मोठ्या जाऊबाई सकाळी भरतात, दहा मिनिटांत पितात आणि म्हणतात जंतू मेले. कसले मेले वहिनी! ई. कोलाय म्हणजे घाण पाण्यात सापडणारा आतड्यातला जंतू, त्याला तांबं काही नवीन नाही, श्वसनाच्या एका एन्झाइमसाठी त्यालाच थोडं लागतं. पण पेशीत सुटं फिरलं तर एन्झाइममधल्या लोह-गंधकाच्या गुच्छांतून ते लोह हुसकावतं आणि काम ठप्प, म्हणून पहारा इतका कडक की सुटा एक अणूसुद्धा आत खपत नाही. डीएनएवर क्यूआर नावाचं प्रोटीन बसलेलं असतं, त्याला तांबं चिकटलं की ते डीएनएला असा पीळ देतं की दोन जीन चालू होतात. एक कॉपए, हा पंप, एटीपी म्हणजे पेशीचं इंधन जाळून तांबं आतल्या पडद्यापलीकडे फेकतो (या जंतूच्या पेशीला आत एक, बाहेर एक असे दोन पडदे असतात). दुसरं क्यूओ, ते दोन पडद्यांमधल्या फटीत बसून तांब्याचा जास्त घातक प्रकार कमी घातक करतं. त्याला ऑक्सिजन लागतो, तो नसला की फटीतलं तांबं बाहेर काढायची मदार कस नावाच्या दुसऱ्या पंपावर, तो तर बाहेरच्या पडद्याच्याही पार टाकतो.

म्हणजे आपली शर्यत या पंपांशी आहे, आणि भांड्यातून तांबं उतरतं हळूहळू. दहा मिनिटांत उतरेल तेवढं हा जंतू आरामात उपसतो (मला तर कौतुकच वाटतं त्याचं), रात्रभरात मात्र दमतो. लॅबमध्ये असे जंतू मेलेले दिसलेत. तरी टँकरचं गढूळ पाणी आलं तर ते उकळाच, कळशी म्हणजे फिल्टर नाही.

लिंबूपाणी, ताक त्यात अजिबात नको. आंबटाने तांबं भराभर सुटतं, मळमळ, उलट्या होतात. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला 2 मिलिग्रॅम आहे, आपल्या भारतीय मानकात जास्तीत जास्त 1.5.

आणि हो, कॉपएचा चुलतभाऊ आपल्या लिव्हरमध्येपण आहे, एटीपी7बी, जास्तीचं तांबं पित्तात टाकणारा. तो जन्मतः बिघडलेला असला की विल्सनचा आजार होतो. घरात कुणाला तो असेल तर त्यांच्यासाठी स्टीलचा हंडा ठेवा, कळशी परत माळ्यावर.