ब्रिटनमध्ये बर्फ कधी आणि कुठे गाठावा, आणि दुसऱ्या दिवशी काय जपावं

ब्रिटनचा हिवाळा म्हणजे तीन महिने सगळीकडे पांढराशुभ्र बर्फ, अशा समजुतीने येणाऱ्यांची बहुधा निराशा होते. लंडन, बर्मिंगहॅम, लेस्टर या भागांत हिवाळ्याचा बराचसा काळ पारा २ ते ८ अंशांच्या आसपास रेंगाळतो. आभाळ राखाडी, हवेत ओल, आणि डिसेंबरात लंडनमध्ये चारच्या सुमारासच सूर्य मावळलेला. बर्फ पडतो, पण पाहुण्यासारखा येतो आणि लगेच निघतो. म्हणून तयारी आधी हवी आणि बर्फ पडला की घराबाहेर लगेच पडायला हवं.

अंदाज पाहताना फक्त तापमान पाहू नका, वाऱ्याची दिशाही पाहा. नैर्ऋत्येचा वारा अटलांटिकवरून ऊब आणि पाऊस आणतो. बर्फासाठी वारा उत्तरेचा किंवा पूर्वेचा लागतो. २०१८ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये सगळा देश ठप्प करणारी ‘बीस्ट फ्रॉम द ईस्ट’ ही लाट अशीच पूर्वेकडून आली होती. मेट ऑफिस या ब्रिटनच्या हवामान खात्याच्या अ‍ॅपवर तासातासाचा अंदाज मिळतो. जमिनीलगतची हवा २ अंशांच्या खाली असेल तर बर्फ पडण्याची आशा; त्याहून जास्त असेल तर बहुतेक वेळा स्लीट, म्हणजे पाऊस आणि बर्फाचं मिश्रण. त्याने कपडे ओले होतात आणि हाती काही लागत नाही. सर्वांत भरवशाचे महिने जानेवारी आणि फेब्रुवारी. मार्चलाही कमी लेखू नका. सरासरीने डिसेंबरपेक्षा तेव्हा थोडे जास्तच दिवस बर्फ किंवा स्लीट पडतो.

हवामानाचे इशारे पिवळा, अंबर आणि लाल अशा तीन रंगांत येतात. रंग नुसता बर्फाच्या जाडीवरून ठरत नाही. परिणाम किती मोठा आणि तो होण्याची शक्यता किती, या दोन्हींवरून ठरतो. पिवळ्या इशाऱ्यामागे ‘शक्यता कमी, पण झालं तर फार वाईट’ असंही असू शकतं, त्यामुळे रंग पाहून न थांबता आतला मजकूर वाचा.

शहरात बर्फ पाहायचा तर पहाटे उजाडताच बाहेर पडा. दुपारपर्यंत रस्त्यांवर त्याचा करडा चिखल झालेला असतो. लंडनमध्ये प्रिमरोज हिल, ग्रिनिच पार्क किंवा हॅम्पस्टेड हीथवरची पार्लमेंट हिल गाठा; उतार आहेत आणि मुलं घसरगाडी घेऊन आलेली असतात. प्लास्टिकची घसरगाडी घ्यायची असेल तर अंदाज आल्या दिवशीच घ्या, बर्फ पडल्यावर दुकानात मिळत नाही. बसताना पाय पुढे ठेवायचे, डोकं पुढे करून पालथं झोपायचं नाही. घसरण्याआधी उताराच्या तळाशी झाड, कुंपण किंवा रस्ता नाही ना, हे स्वतः खाली जाऊन बघून यायचं. गोठलेल्या तळ्यावर पाऊल ठेवू नका. ब्रिटनची थंडी इतकी सलग टिकत नाही की तो थर माणसाचं वजन पेलेल याची खात्री देता यावी.

खात्रीने बर्फ बघायचाच असेल तर स्कॉटलंडमधलं अ‍ॅव्हिमोर गाठणं उत्तम, तेही फेब्रुवारीत. लंडन यूस्टनहून कॅलेडोनियन स्लीपर ही रात्रीची गाडी, शनिवारची रात्र सोडून, थेट तिथे नेते. गाडी न बदलता सकाळी डोंगराच्या पायथ्याशी उतरता येतं. तिथून बसने केर्नगॉर्म या डोंगरावरच्या स्की केंद्राकडे जाता येतं. वाटेत लॉख मॉर्लिख हे तळं आणि ग्लेनमोरचं पाइनचं जंगल लागतं. ज्यांना स्की करायचं नाही त्यांच्यासाठी एवढंच पुरेसं सुंदर आहे. निघण्याआधी स्की केंद्राच्या संकेतस्थळावर रस्ता आणि लिफ्ट चालू आहेत का ते पाहा. इथे लिफ्ट बंद राहण्याचं कारण पुष्कळदा वारा असतो. केर्नगॉर्मच्या माथ्यावर २० मार्च १९८६ रोजी ताशी १७३ मैल वेगाच्या वाऱ्याची नोंद झाली आहे. स्की केंद्राच्या वर पायी चढायचं तर बर्फात रोवायची कुऱ्हाड म्हणजे आइस अ‍ॅक्स, बुटांखाली बांधायचे खिळे म्हणजे क्रॅम्पॉन आणि ते वापरण्याचा सराव हवा, शिवाय हिमकडे कोसळण्याबाबतचा त्या दिवशीचा अंदाज वाचलेला हवा. यांतलं काहीही कमी असेल तर खालूनच मागे फिरा. डोंगरात अडचण आली तर ९९९ हा आपत्कालीन क्रमांक लावून आधी ‘पोलीस’ आणि मग ‘माउंटन रेस्क्यू’ मागायचं.

कपड्यांचा नियम एकच: ओलं व्हायचं नाही, पावसानेही नाही आणि घामानेही नाही. सुती बनियन आणि जीन्स ओली झाली की वाळत नाही आणि अंगातली ऊब शोषून घेते. आत लोकरीचं किंवा कृत्रिम धाग्याचं थर्मल, त्यावर फ्लीस आणि सगळ्यात वर वारा व पाणी अडवणारं टोपीवालं जॅकेट. एकच जाडजूड कोट घेतला तर गरम केलेल्या ट्रेनमध्ये घाम फुटतो आणि बाहेर पडताच तोच घाम गार पडतो. छत्रीवर भरवसा नको, इथला वारा ती उलटी करतो. पायात जाड मोज्यांचा एकच जोड घाला. घट्ट बुटात दोन जोड कोंबले की रक्ताभिसरण अडतं आणि पाय उलट जास्त गारठतात. बुटाचा तळवा मऊ रबराचा आणि खोल खाचांचा हवा.

खरा धोका बर्फ पडताना नसतो, दुसऱ्या सकाळी असतो. दिवसा वितळलेलं पाणी रात्री गोठून पारदर्शक थर होतो. यालाच ब्लॅक आइस म्हणतात. दिसायला नुसता ओला रस्ता, पण पाय ठेवताच सरकतो. पुलांना खालूनही थंड हवा लागते, म्हणून तिथे तो आधी बनतो. इमारतींच्या सावलीत तो दुपारपर्यंत टिकतो. कौन्सिलची, म्हणजे स्थानिक पालिकेची, मीठ टाकणारी गाडी मुख्य रस्त्यांवर आणि बसमार्गांवर फिरते. गल्ल्या आणि बरेचसे पदपथ तसेच राहतात. चालताना पावलं छोटी टाका, टाच आधी न टेकवता पूर्ण तळवा सपाट ठेवा, वजन पुढच्या पायावर असू द्या आणि हात खिशाबाहेर ठेवा. पदपथ काचेसारखा चमकत असेल तर कडेच्या गवतावरून चाला.

दारासमोरचा बर्फ लोकांच्या पायांनी दाबला जाण्याआधी, सकाळी लवकर काढा. आधी मधोमध एक पट्टा मोकळा करा, मग तिथून कडेला ढकला. गटाराच्या जाळीवर ढीग लावू नका. मग एका चौरस मीटरला मोठा चमचाभर साधं मीठ पुरतं, झाडांवर पडू देऊ नका. गरम पाणी कधीही ओतू नका, ते गोठून आधीपेक्षा वाईट निसरडं होतं. ‘साफ केलं आणि कोणी पडलं तर आपल्यावर येईल’ म्हणून अनेक जण हात लावत नाहीत. सरकारी सल्ला याच्या उलट आहे: काळजीपूर्वक साफ केलेल्या जागेसाठी दावा लागण्याची शक्यता फार कमी.

कडाक्याच्या रात्रीनंतर घर आणि पाणी तापवणारा बॉयलर बंद पडला, आतून गुडगुड आवाज येतोय आणि पडद्यावर एरर कोड दिसतोय, तर आधी बाहेरच्या भिंतीवरून येणारा प्लास्टिकचा बारीक पाइप तपासा. कंडेन्सिंग बॉयलरमध्ये वाफ थंड होऊन जमणारं पाणी त्यातून बाहेर जातं. ते उघड्या टोकाशी किंवा वळणावर गोठलं की बॉयलर स्वतःच थांबतो. त्या जागी गरम पाण्याची पिशवी धरा किंवा कोमट पाणी सावकाश ओता. उकळतं पाणी नको, पाइप तडकू शकतो. मग रीसेट दाबा. पाइप उंचावर असेल तर शिडी लावू नका, घरमालकाला किंवा एजंटला कळवा. बाहेर सांडलेलं पाणी गोठणार, तेही लक्षात ठेवा.

ख्रिसमसला घर बंद करून भारतात जाणार असाल तर हीटिंग पूर्ण बंद करू नका, १२ अंशांच्या आसपास चालू ठेवा. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं. पाइप फुटतो गारठ्यात, पण घरभर पाणी होतं ते वितळल्यावर, म्हणजे तुम्ही दूर असताना. निघण्यापूर्वी स्टॉपकॉक, म्हणजे घराचं पाणी बंद करणारा मुख्य नळ, कुठे आहे ते शोधून फिरवून पाहा. बहुधा तो स्वयंपाकघरातल्या सिंकखाली असतो आणि वर्षानुवर्षं न हलवल्याने अडकलेला असू शकतो.

गाडी असेल तर काचेवर गरम पाणी ओतू नका, खरवडणी आणि डीआयसर (बर्फ वितळवणारा फवारा) वापरा. टपावरचा बर्फही काढा, ब्रेक लागताच तो पुढच्या काचेवर घसरतो. इंजिन चालू ठेवून घरात जाणं टाळा. सार्वजनिक रस्त्यावर तो गुन्हा आहे आणि चोरही याचीच वाट पाहतात. बर्फावर गाडी थांबायला नेहमीच्या दहापट अंतर लागू शकतं. ट्रेनने जाणार असाल तर आदल्या संध्याकाळी नॅशनल रेलच्या संकेतस्थळावर बदललेलं वेळापत्रक पाहा आणि सकाळी निघताना पुन्हा एकदा पाहा. दक्षिण इंग्लंडमधल्या बऱ्याच मार्गांवर गाड्यांना वीज तिसऱ्या रुळातून मिळते आणि त्यावर बर्फ धरला की गाड्या रखडतात.