दोघांची दोन रात्रींची शहरभेट: आधी हॉटेलची जागा ठरवा

हॉटेल प्रेक्षणीय स्थळांजवळ नको; रात्री जिथे रेंगाळणार, तिथून चालत परतता येईल असं बघा. (अगदी बारच्या डोक्यावरची खोली मात्र टाळा, पहाटेपर्यंत डोळा लागत नाही.) शेवटची मेट्रो चुकली की टॅक्सीचे दर चढतात आणि मूड उतरतो.

खरेदी पहिल्याच दिवशी उरका. माप चुकलं तर दुसऱ्या दिवशी बदलून घ्यायला वेळ असतो, आणि पिशव्या खोलीवर टाकून संध्याकाळी हात हलवत बाहेर पडता येतं. जेवणाचं टेबल एकाच रात्रीचं बुक करा. दुसरी मोकळी ठेवलेली बरी. फक्त किचन किती वाजता बंद होतं ते विचारून घ्या. बार चालू असला तरी जेवण बरंच आधी थांबतं.