पुण्याच्या गच्चीवर पिनकुशन: खत देऊ नका, पावसात ठेवू नका

मी धायरीत ब्लाउज शिवते. पिनकुशनच्या फुलाचा फोटो पहिल्यांदा पाहिला तेव्हा मशीनशेजारची टाचण्या खोचलेली उशीच आठवली, आणि रोप मागवलं. ते खतानं गेलं. गुलाबाला घालते तसं ओंजळभर शेणखत आणि दोन चमचे हाडांचा चुरा घातला होता. महिन्याभरात पानांच्या कडा करपल्या.

हे झुडूप, ल्युकोस्पर्मम, दक्षिण आफ्रिकेच्या केप भागातलं. तिथली जमीन रेताड, आम्लधर्मी, स्फुरद (फॉस्फरस) नावापुरतं. म्हणून याच्या वरवरच्या मुळांना ब्रशसारखे दाट झुपके फुटतात आणि ते मातीतलं कणकण स्फुरद ओढून घेतात. जास्त मिळालं तरी ओढणं थांबत नाही, आणि तेच विष होतं. तेव्हा शेणखत, गांडूळखत, डीएपी, काहीच नको.

आपली काळी माती चिकट आणि चुनखडीची, ती मूठभरही घालू नका. मी जांभ्याची लाल माती एक भाग, धुतलेली जाड वाळू दोन भाग आणि कोकोपीट एक भाग घेते. नर्सरीत लाल माती बऱ्याचदा खत मिसळूनच ठेवलेली असते, 'बिनखताची द्या' असं आवर्जून सांगा. मातीचा सामू (पीएच) ५.५ ते ६.५ असावा. १४ इंची मातीची कुंडी पुरते. पिशवी ब्लेडनं कापा, मुळांचा गड्डा अजिबात मोकळा करू नका. पुढेही खुरपं लावायचं नाही. तण कात्रीनं कापायचं आणि वर बारीक गोटे पसरायचे.

खरी परीक्षा जून ते सप्टेंबर. केपमध्ये पाऊस थंडीत पडतो आणि उन्हाळा कोरडा जातो. आपल्याकडे उकाडा आणि ओल एकत्र येतात, मुळं कुजवणाऱ्या बुरशीला तेच हवं असतं. वळीव सुरू झाला की मी कुंडी पत्र्याखाली, विटांवर ठेवते. पागोळीचं पाणी पडणार नाही, पण वारा खेळेल अशी जागा हवी. बंद गॅलरीत झाड गुदमरतं.

एरवी रोज सहा तास तरी ऊन हवं. एप्रिल-मेमध्ये दुपारी एकनंतर सावली द्या. कमी पाण्यावर तगतं हे खरं, पण मुळं रुजल्यावर. पहिली दोन वर्षं बोट दोन पेरं खुपसून बघा, कोरडं लागलं तरच सकाळी बुडाशी पाणी द्या. बोअरचं जड पाणी टाळा. मी पावसाचं पिंपात साठवते.

माझ्या दुसऱ्या झाडाला तिसऱ्या वर्षी, फेब्रुवारीत, पाच केशरी फुलं आली. शिंजीर रोज यायचा. फुलं सुकली की छाटणी करा, पण प्रत्येक फांदीवर वीतभर पानं राहू द्या. बिनपानाच्या जुन्या लाकडाला सहसा फुटवा येत नाही.