पुलाखालचा पत्ता : फौजेतून येऊन बीएलओ होताना

1999 साली मी द्रासमध्ये होतो. कारगिलची लढाई जुलैत संपली आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात लोकसभेची निवडणूक झाली. माझी टपाली मतपत्रिका युनिटमध्ये पोचली तेव्हा निकाल लागून गेले होते. ते पाकीट न फोडता बरीच वर्षं ट्रंकेत जपलं. आता जवानांना मतपत्रिका ऑनलाइन मिळते, फक्त भरलेली पोस्टाने परत पाठवायची असते. तरी ते पाकीट डोक्यातून गेलेलं नाही.

रिटायर होऊन ठाण्यात लिपिक झालो. राज्यात वर्ग 3 आणि 4 च्या भरतीत माजी सैनिकांना 15 टक्के समांतर आरक्षण आहे, वयातही सूट आहे. अभ्यास शेवटच्या पोस्टिंगवर असतानाच सुरू करा आणि मराठी टायपिंगवर हात बसवून घ्या. नोकरी लागली की आज ना उद्या बीएलओचा, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याचा आदेश हातात पडतो. रोजचं टेबल सांभाळून हे करायचं, म्हणून अनेक जण टाळाटाळ करतात. तुम्ही टाळू नका. रोलकॉलला एक माणूस कमी भरला तर आपण अख्खी पलटण उभी ठेवायचो. आपल्या भागाची मतदार यादी तशीच मोजायची.

यादीत नवीन नावासाठी अर्जाचा नमुना 6, पत्ता बदल आणि दुरुस्तीसाठी 8. हे दोन आठवड्याभरात अंगवळणी पडतात. जपायचं ते नाव वगळण्याच्या 7 ला. पहिल्या वर्षी लोकमान्यनगरात एका खोलीला दोनदा कुलूप दिसलं आणि मी ‘स्थलांतरित’ लिहायला पेन काढलं. शेजारच्या मावशी दारातूनच ओरडल्या, “अहो, गणपतीला गावी गेलेत ते! कायमचे गेलेत काय?” पाच मतं माझ्या एका शेऱ्याने जाणार होती. तेव्हापासून शेजारी, दुकानदार, सोसायटीचा वॉचमन, सगळ्यांना विचारल्याशिवाय मी शेरा मारत नाही. आणि दार वाजवताना फौजी आवाज घरी ठेवा. लोकांना पोलीस आल्यासारखं वाटतं.

सर्वांत मोलाचं काम मात्र रात्रीचं. बेघर माणसाकडे पत्त्याचा पुरावा मागायचा नसतो. अर्जात लिहिलेल्या जागी तो खरोखर झोपतो का, हे बीएलओने रात्री जाऊन, तेही एकाहून जास्त रात्री, बघायचं असतं. दिवसा जाऊन ‘आढळले नाहीत’ लिहिणं सोपं आहे, पण तो अन्याय आहे, मी ते मनापासून सांगतो.

तीन हात नाक्याच्या पुलाखाली मी रात्री अकराला गेलो. वर गाड्यांची धडधड, खांबाला बांधलेली ताडपत्री, आणि एक बाई टोपलीत उरलेले गजरे ओल्या फडक्यात गुंडाळत होती. नाव विचारलं तर म्हणाली, “लिहा, मोठ्याची आई.”

माझा हात थांबला. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळी देशात सुमारे 28 लाख बायकांनी असंच अमक्याची आई, तमक्याची बायको सांगितलं होतं. स्वतःचं नाव दिलं नाही म्हणून त्या यादीबाहेर राहिल्या. म्हटलं, “ताई, तुमचं नाव सांगा.” तिने हळू आवाजात सांगितलं. मी लिहिलं. तिने अर्ज दिव्याकडे धरून बघितला, पण वाचता येईना. धाकटी पोरगी शाळेत जाते, तिने अक्षरावर बोट ठेवत वाचून दाखवलं. “आये, तुझं नाव ‘श’ने सुरू होतं!”

दुसऱ्या रात्री गेलो, तिसऱ्या रात्रीही गेलो. ताडपत्री तिथेच होती. 20 नोव्हेंबर 2024 ला, विधानसभेच्या मतदानाला, ती केसात गजरा माळून रांगेत उभी होती.

2022 पासून नावनोंदणीसाठी अठरा पूर्ण झाले का हे मोजायच्या वर्षाला चार तारखा आहेत : 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै, 1 ऑक्टोबर. सतरा पूर्ण झालेल्यांचा अर्ज आगाऊ घेता येतो. तिचा मोठा येत्या सप्टेंबरात अठराचा होतोय. त्याचा नमुना 6 माझ्या बॅगेत आहे, शनिवारी रात्री जाऊन भरून घेणार आहे.